अँटिबायोटिक झालं म्हणून बाळाची लस लांबवू नका

"अँटिबायोटिकचा कोर्स संपल्यावर पंधरा दिवस लस देऊ नका. औषध लस मारून टाकतं, बाळ कमजोर असतं, ताप उलटतो." आयांच्या ग्रुपवर फिरणारा हा मेसेज वाचून लोक खरंच डोस चुकवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

औषध लस मारतं? अँटिबायोटिक चालतं जिवाणूंवर. गोवर-रुबेला, पोलिओचे थेंब, जुलाबावरची रोटा लस यांत असतात विषाणू. त्यांना ते धक्काही लावत नाही. पेंटाव्हॅलंट म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या लशीत तर जिवंत काहीच नसतं, मग मारणार काय? तमिळनाडूतल्या वेल्लोर भागात हे तपासूनही झालंय. बाळांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन दिलं आणि चौदाव्या दिवशी पोलिओचे थेंब पाजले. औषध न घेतलेल्या बाळांच्या तुलनेत लस लागू पडण्यात फरक दिसला नाही.

अपवाद आहेत. टायफॉईडची तोंडाने घ्यायची कॅप्सूल जिवंत जिवाणूंची असते. ती अँटिबायोटिक संपल्यावर किमान तीन दिवसांनी घेतात. आपल्याकडे बाळांना टायफॉईडचं इंजेक्शन देतात, त्याला हा नियम नाही. घरात क्षयाचा रुग्ण असून नवजात बाळाला त्यासाठी औषध चालू असेल, तर बीसीजीचं, म्हणजे क्षयावरच्या लशीचं, डॉक्टरांना विचारूनच ठरवा; तीही जिवंत जिवाणूंची असते.

बाळ कमजोर असतं? इथे आजार बघायचा, औषध नाही. जोराचा ताप आहे, बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, तर थांबा आणि बरं वाटलं की लगेच लस द्या. साधी सर्दी, किंचित कणकण किंवा कोर्सच्या दोन गोळ्या उरल्यात, ही थांबण्याची कारणं नव्हेत.

ताप? तो लशीचा असतो, बहुधा एक-दोन दिवसांचा. गोवर-रुबेलानंतर तर आठवडाभराने येऊ शकतो, आणि मग दोष आधीच्या औषधावर जातो.

वारंवार अँटिबायोटिक घेणाऱ्या लहान मुलांत लशीमुळे रक्तात तयार होणारी, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं कमी आढळल्याचं 2022 मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. त्यातून घ्यायचं ते इतकंच, की सर्दी-खोकल्याला उगाच अँटिबायोटिक देऊ नका. लस लांबवा, असं त्यातून निघत नाही.

आणि गावात "पंधरा दिवस" कधीच पंधरा राहत नाहीत. लसीकरणाचं सत्र महिन्यातून एकदा. ते हुकलं की दीड महिन्याचं बाळ अडीच महिन्यांचं होतं, तेही डांग्या खोकला सर्वांत जिवावर बेतणाऱ्या वयात. या मेसेजपायी डोस राहिलाच असेल, तर कार्ड घेऊन पुढच्या सत्राला जा आणि आशाताईंना आधीच सांगून ठेवा. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस तिथून पुढे देतात.