दोन फोरहँडचे गणित कुठे चुकते

टेनिसविषयी एक दावा वारंवार पुढे केला जातो: रॅकेट या हातातून त्या हातात घेत दोन्ही बाजूंना फोरहँड (रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूचा फटका) मारणारा खेळाडू लहानपणापासून घडवला, तर बॅकहँडची (विरुद्ध बाजूच्या फटक्याची) लंगडी बाजू उरणारच नाही, प्रशिक्षक केवळ सवयीपोटी हे करून पाहत नाहीत.

बॅकहँड मुळातच दुबळा, हे यातले गृहीतक आधी तपासायला हवे. आंद्रे आगासी किंवा नोव्हाक जोकोविच यांच्या बॅकहँडवर चेंडू टाकून कुणी निर्धास्त झाल्याचे ऐकिवात नाही. शिवाय उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या दुहाती बॅकहँडमध्ये रॅकेटच्या मुठीवर वरच्या बाजूला असलेला डावा हातच बरेचसे काम करतो. म्हणजे ज्या डाव्या फोरहँडचा आग्रह धरला जातो, त्याचा मोठा भाग या फटक्यात आधीच आहे, आणि तोही उजवा हात मुठीवरून न काढता.

‘हात बदलायला असा वेळ तो किती लागणार?’ हा युक्तिवाद सर्व्हिस परतवताना कोलमडतो. कोर्टाची लांबी 23.77 मीटर असून ताशी 200 किलोमीटर वेगाची सर्व्हिस पाऊण सेकंदाच्या आत समोरच्या बेसलाइनवर (कोर्टाच्या मागच्या रेषेवर) येते. तेवढ्यात दिशा ओळखायची, खांदे वळवायचे आणि एक हात सोडून दुसरा मुठीच्या बुडापर्यंत सरकवायचा. तो वरच राहिला, तर रॅकेट आखूड पडते आणि ज्या पोहोचीसाठी हा खटाटोप, तीच कमी होते. अंगावर आलेला चेंडू त्याहून कठीण. एरवीचा खेळाडू तो नेटजवळ बॅकहँड व्हॉलीने (टप्पा पडण्याआधीच मारलेल्या फटक्याने), ग्रिप म्हणजे रॅकेटची पकड न बदलता अडवतो. दोन फोरहँडवाल्याला मात्र आधी हात ठरवावा लागतो.

हे कुणी करून पाहिलेच नाही, हे तर साफ चूक आहे. इटलीचा जॉर्जो दे स्टेफानी दोन्ही हातांनी फोरहँड मारत 1932 मध्ये फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि ऑन्री कोशेकडून हरला. अमेरिकेची बेव्हर्ली बेकर फ्लाइट्झ याच पद्धतीने 1955 च्या विम्बल्डनची अंतिम फेरी खेळली आणि लुईस ब्रफकडून पराभूत झाली. ही कामगिरी लहान नव्हे, पण ती लाकडी रॅकेटच्या, तुलनेने संथ खेळाच्या काळातली आहे. नियमांचीही आडकाठी नाही: एका वेळी एकच रॅकेट वापरावी लागते, हात कितीदाही बदलावा.

तथ्य आहे ते ताणून गाठायच्या चेंडूपुरते. तिथे दुहाती बॅकहँडपेक्षा एका हाताची पोहोच लांब पडते, आणि मारिया शारापोव्हा अडचणीत सापडल्यावर डाव्या हाताने फोरहँड मारतही असे. एरवी डाव्या कोपऱ्यातून फोरहँडच हवा असेल, तर आघाडीचे खेळाडू पावले टाकून चेंडूच्या डावीकडे सरकतात. त्यात उजवी बाजू मोकळी पडते हे खरे, तरी ते हा धोका पत्करतात, कारण सरावाचे तास दोन हातांत वाटावे लागत नाहीत.