शॉर्टकट की कोणी बळकावली?

कंट्रोल-ऑल्ट-एन दाबलं की नोटपॅड उघडावं, एवढीच माझी मागणी. विंडोजमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. प्रोग्रॅमच्या शॉर्टकट आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘शॉर्टकट की’च्या रकान्यात नुसतं एन दाबा, कंट्रोल-ऑल्ट आपोआप लागतं. छान. पण तोच शॉर्टकट डेस्कटॉपवरून उचलून भलत्या फोल्डरमध्ये ठेवला की सगळं बंद. ना सूचना, ना चकार शब्द. डेस्कटॉप नीटनेटका ठेवणाऱ्याला ही शिक्षा का?

त्याहून डोकं फिरतं ते आगंतुक प्रोग्रॅम्समुळे. मागे गुपचूप चालणारं एखादं स्क्रीनशॉटचं नाहीतर गप्पांचं अ‍ॅप न विचारता नेमकं तेच कॉम्बिनेशन बळकावून बसतं. ज्याने आधी नोंदवलं त्याचं. नंतर येणाऱ्याला नकार. आणि तो नकार आपल्यापर्यंत पोचवायची तसदी बहुतेक अ‍ॅप्स घेत नाहीत! आपण बटणं दाबतोय, दाबतोय, आणि स्क्रीन ढिम्म. मग एकेक अ‍ॅप बंद करत चोर शोधत बसा. कुठलं कॉम्बिनेशन कोणाकडे आहे, याची साधी यादी सेटिंग्जमध्ये का असू नये?

(टास्कबारवर पिन केलेल्या प्रोग्रॅम्सना विंडोजचं बटण आणि १, विंडोजचं बटण आणि २ असं चालतं, ते त्यातल्या त्यात भरवशाचं. पण आयकॉनचा क्रम हलला की आकडेही बदलले.)

माउसकडे हात न्यावा लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप. आधीच कोणी घेतलंय, एवढं तरी सांगा. आम्ही दुसरं निवडू की!