नोबेल मिळालंय, मग विचारायचं नाही?

डोकं शांत व्हायची वाट बघत होते. होत नाहीये, म्हणून लिहितेय.

नाशिकच्या एका शाळेत आज विज्ञान प्रदर्शन होतं. आठवीतल्या माझ्या भाचीने पाहुण्यांना विचारलं, "सर, कृष्णविवराच्या २०१९ च्या त्या फोटोत चमकणारं कडं दिसतं, मध्ये काळं दिसतं. पण ते काळं म्हणजे कृष्णविवरच, दुसरं काही नाही, हे कसं ठरवलं?" पाहुणे म्हणाले, "अगं, त्याला नोबेल मिळालंय, आता शंका कसली? बस खाली." हॉल हसला. पोरगी बसली.

अहो, कोणतं नोबेल? २०२० चंच ना? त्यात पेनरोज यांचं काम गणिताचं: सापेक्षतावाद खरा असेल तर कृष्णविवरं होणारच. गेन्झेल आणि गेझ यांनी आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरणारे तारे वर्षानुवर्षं टिपले. एक तर १६ वर्षांत फेरी मारतो. मध्ये ४० लाख सूर्यांइतकं वस्तुमान आहे, ते त्यातून कळलं. पण त्या दोघांच्या गौरवात समितीने 'प्रचंड वस्तुमानाची संहत (म्हणजे छोट्या जागेत दाटलेली) वस्तू' एवढंच लिहिलं, कृष्णविवर नाही. नोबेल समिती हात राखून लिहिते आणि आठवीतल्या मुलीने विचारायचंही नाही?

ते हसणं तर डोक्यातून जातच नाहीये. ११ जानेवारी १९३५ ला लंडनमध्येही असेच हसले होते. ठराविक वस्तुमानापलीकडचा तारा इंधन संपल्यावर श्वेतबटू (लहानसा, घट्ट उरलेला तारा) म्हणून तग धरू शकत नाही, कोसळत जातो, असं आपले २४ वर्षांचे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर सांगत होते आणि तेव्हाचे बडे खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत त्यांची टर उडवली. ताऱ्याला असं वेडगळ वागू न देणारा निसर्गनियम असलाच पाहिजे, म्हणे! आइनस्टाईननीही १९३९ मध्ये निबंध लिहून कृष्णविवरासारख्या वस्तू प्रत्यक्षात नसतात असं मांडलं. दोघंही चुकले. मोठं नाव पुढे करून तोंड बंद करणं या विषयात तरी शोभत नाही.

मान्य, पुरावा आता भक्कम आहे. कृष्णविवरं आहेत असंच मीही मानते. 'शास्त्रज्ञांचंच एकमत नाही' म्हणून वाट्टेल ते फॉरवर्ड करणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. पाहुण्यांनाही घाई असेल. पण त्या काळ्या भागात खरंच 'क्षितिज', म्हणजे जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही अशी सीमा, आहे का, हा प्रश्न मिटलेला नाही. २००१ मध्ये मझूर आणि मोटोला या भौतिकशास्त्रज्ञांनी क्षितिज नसलेली वेगळीच वस्तू सुचवली. २०१४ मध्ये खुद्द हॉकिंगनी नेहमीच्या अर्थाच्या क्षितिजावर शंका घेतली. पोरीने नेमकं तेच विचारलं होतं!

आणि उत्तर द्यायला दोन मिनिटं पुरली असती. नारोशंकराच्या देवळातली घंटा प्रत्येक नाशिककर मुलाला माहीत आहे. नाद कसा विरतो, ते घंटेच्या घडणीवर ठरतं. धक्का बसलेलं कृष्णविवर असंच निनादून शांत होतं, हे भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवलं. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेने दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली, तेव्हा त्या लहरींचा शेवटचा नाद त्या गणिताशी जुळला. आत दुसरंच काही असेल तर मागून प्रतिध्वनी यावेत, असं काहींना वाटतं. ते शोधतायत, खात्रीचा एकही मिळालेला नाही. एवढं सांगितलं असतं तर रात्रभर झोपली नसती ती, आनंदाने.

हिंगोलीत आपली लायगो होतेय. तिथे हीच पोरं जायला हवीत ना?

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत किंवा कुठेही या विषयावर काम करणारं तुमच्या ओळखीत कोणी असेल आणि नाशिकला येऊन तासभर मुलांशी बोलायला तयार असेल, तर इनबॉक्स करा. जागा, जाण्या-येण्याचा खर्च, जेवण सगळं माझ्याकडे. मुलांनी कितीही प्रश्न विचारले तरी चालेल असा माणूस हवा.