थरथरता निवांत

बहिणीला भिंतीवर चिकटवायला एक शब्द हवा होता: ‘निवांत’. “दादा, अक्षरं जरा थरथरल्यासारखी कर ना, हाताने लिहिल्यागत. मशीनवर कापून मी आणते. तुला काय, पाच मिनिटांचं काम.” दुसऱ्याचं काम नेहमी पाच मिनिटांचंच असतं.

मी वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ ओढायची सोय म्हणून नाही. एक चौकट शब्द देते, दुसरी त्याचा पाथ, म्हणजे कडेची रेघ करते, तिसरी तो हलवते आणि आपण चौकटींना तारा जोडत बसायचं, वायरमनसारखं. या चौकटींना नोड म्हणतात. पाथवरच्या बिंदूंनाही काही लोक नोडच म्हणतात. “नोड कमी कर,” असा सल्ला मिळाल्यावर मी एकदा अर्धी जोडणीच उपटून टाकली होती.

प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं, म्हणून आधी युनियन करून ते सांधले. मग विगल, म्हणजे थरथरवणारा नोड जोडला. ‘त’चं पोट हललं, शिरोरेषा मात्र सबंधच्या सबंध कलंडली. कारण विगल रेषेला ढकलत नाही, बिंदूंना ढकलतो, आणि सरळ रेषेला बिंदू असतात फक्त टोकांना. अहो, अख्खं वर्तुळसुद्धा इथे बहुतेक वेळा ४ बिंदूंवर उभं असतं! तेव्हा रीसॅम्पल करणं आलं, म्हणजे पाथवर सारख्या अंतराने नवे बिंदू पेरणं.

पेरले. प्रत्येक आकृतीला ५००. शिरोरेषा झकास थरथरली. पण अनुस्वार हीसुद्धा एक स्वतंत्र आकृती. त्या एवढ्याशा टिकलीलाही ५०० बिंदू मिळाले, आणि विगल झाल्यावर ‘वा’च्या डोक्यावर साळिंदर बसलं. मग संख्या सोडून अंतर दिलं, दर १० एककांना एक बिंदू. साळिंदराचा पतंग झाला.

शिवाय अक्षरांचे कोपरे बोथटले. का ते बघायला एक साधा चौरस घेतला, बाजू १०, आणि बिंदू मागितले १०. परिमिती ४०, म्हणजे दर ४ एककांवर एक. पहिला बिंदू कोपऱ्यावर, पुढचे ४ वर, ८ वर, मग थेट १२ वर. १० वरचा कोपरा मधल्यामध्ये गायब! २० वरचा वाचला, ३० वरचा गेला. चौरस टाकला, षटकोन निघाला. रीसॅम्पलला कोपरा दिसत नाही, त्याला फक्त पावलं मोजता येतात.

अंतर २ केलं. आता कोपरे जवळपास जागेवर आले, पण बिंदू इतके झाले की कापणाऱ्या मशीनची सुरी रेघेवरून चालेना, अडखळत ठेचकाळत गेली आणि विनाइल फाटलं. बहिणीने फाटक्या ‘नि’चा फोटो पाठवला. खाली एक शब्दही नाही. तिला मी ओळखतो, हे शिव्यांपेक्षा वाईट.

मग सिम्प्लिफाय. यामागची युक्ती फार छान आहे. रेमर यांनी ती १९७२ साली मांडली, आणि डग्लस व पॉइकर यांनी स्वतंत्रपणे १९७३ साली, नकाशातल्या रेषांचे जादा बिंदू कमी करायला. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूंमध्ये दोरी ताणायची. मधल्यांपैकी दोरीपासून सगळ्यात लांब कोण ते बघायचं. तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे असेल तर तो राहिला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुन्हा नवी दोरी. मर्यादेच्या आत असेल तर मधले सगळे घरी. ऑफिसातली नोकरकपात याहून कमी न्यायाने होते.

मर्यादा हळूहळू वाढवत गेलो. १ वर काही कळलं नाही, २ वर बिंदू भराभर गळाले. मी ‘त’च्या शेपटाला डोळे लावून आणखी वाढवली. अक्षरं लाकडात कोरल्यासारखी दिसायला लागली. झक्क! रात्री पावणेदोनला फाइल पाठवून दिली.

सकाळी फोन. “दादा, हे ‘निवात’ काय आहे?”

मर्यादा टिकलीच्या रुंदीपेक्षा मोठी झाली होती. दोरीपासून लांब असा एकही बिंदू त्या बिचारीकडे नव्हता, म्हणून सगळी टिकली घरी. “निवात म्हणजे जिथे वारा नाही असं,” मी म्हणालो. “शब्द आहे तो.”

“थरथरतोय तो दादा. वाऱ्याशिवाय?”

मग एक नवीन एलिप्स, म्हणजे लंबगोल काढणारा नोड घेतला, १२ एककांचा, ‘वा’वर हाताने नेऊन ठेवला आणि थेट शेवटच्या जोडणीत घातला. रीसॅम्पल, विगल, सिम्प्लिफाय, कोणाशीही त्याची ओळख करून दिली नाही. एकूण बिंदू ४.