विंडोज ९८ दमवण्याची शास्त्रोक्त पद्धत

तुमचं विंडोज ९८ चं मशीन अजून चटकन सुरू होतं? मग तुमचं कुठेतरी चुकतंय. आधी स्टार्टअप फोल्डर गाठा आणि मावतील तेवढे शॉर्टकट त्यात कोंबा. नवा प्रोग्राम टाकताना ‘विंडोजबरोबर सुरू करा’ पुढची खूण मुळीच काढू नका. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या सेटिंगांचं कोठार, त्यातल्या ‘रन’ नावाच्या यादीत तो आपली सोय आपणच लावून घेतो. विन.आयएनआय या जुन्या सेटिंग-फाइलीतल्या ‘लोड’ आणि ‘रन’ या जुन्या ओळीही अजून चालतात, त्यांनाही कामाला लावा. घड्याळाशेजारची चित्रं टास्कबारच्या मध्यापर्यंत सरकली की पाया भक्कम झाला म्हणायचा.

स्टार्ट, रन, एमएसकॉन्फिग या वाटेने गेलं की स्टार्टअप टॅबमध्ये ही सगळी मंडळी रांगेने सापडतात आणि एकेकाची खूण काढता येते. हे कुणाला सांगू नका. स्वतः गेलातच, तर फुकट बसून असलेल्या अपडेटरांना सोडा आणि खूण काढा ती स्कॅनरजिस्ट्रीची. ती रोज रजिस्ट्रीची प्रत काढते आणि अशा पाच प्रती जपून ठेवते. रजिस्ट्री बिघडल्यावर डॉसमधून जुनी प्रत परत आणता आली, तर नव्याने फॉरमॅट मारायचा आनंद कसा मिळणार?

आता प्रोग्राम उघडणं. डबल क्लिक केलं आणि लगेच काही दिसलं नाही, तर पुन्हा करा. वाळूचं घड्याळ फिरतंय, हार्ड डिस्कचा दिवा फडफडतोय, त्याकडे लक्ष देऊ नका, पुन्हा करा. बरेचसे प्रोग्राम प्रत्येक हुकुमाला नवी प्रत उघडतात. चार प्रती एकाच डिस्कवर तुटून पडल्या की पहिलीसुद्धा वेळेवर येत नाही.

यथावकाश रिसोर्सेस, म्हणजे विंडोजने खिडक्या-चित्रांसाठी राखलेली मर्यादित जागा, संपल्याची पाटी येईल. तडक रॅम वाढवा. यूझर (खिडक्या सांभाळणारा भाग) आणि जीडीआय (चित्र काढणारा भाग) यांचे १६-बिटी हीप, म्हणजे मेमरीतले साठे, ६४ केबीचेच राहतात, ब्रशसारखा बराच पसारा तिथेच साठतो आणि रॅम कितीही ओतली तरी ते तसूभर वाढत नाहीत, या रुक्ष तपशिलात शिरू नका. चार खिडक्या बंद करून रिसोर्स मीटरची, म्हणजे उरलेले रिसोर्सेस दाखवणाऱ्या प्रोग्रामची, पट्टी वाढताना बघणं हे तर भित्र्यांचं काम. तुम्ही रॅम ५१२ एमबीच्या पुढे न्या. मग फाइल कॅश (डिस्कवरचा मजकूर मेमरीत धरून ठेवणारा साठा) मेमरीच्या पत्त्यांची एवढी जागा अडवू शकते, की भरपूर मेमरी असलेलं मशीन मेमरी अपुरी असल्याची तक्रार करतं! सिस्टम.आयएनआय या सेटिंग-फाइलीत ‘व्हीकॅश’ या मथळ्याखाली ‘मॅक्सफाइलकॅश=५२४२८८’ लिहिलं की ही तक्रार बहुधा थांबते. एका ओळीत मिटणारं दुखणं मिरवायला काय कामाचं?

सगळं अडकलं की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. यादी येईल. ‘नॉट रिस्पाँडिंग’ लिहिलेला प्रोग्राम निवडून ‘एंड टास्क’ दाबणं आणि थोडं थांबणं हा नवशिक्यांचा मार्ग. तुम्ही डेस्कटॉप आणि टास्कबार चालवणारा एक्सप्लोरर निवडा. बंद करायला गेलात एक आणि समोर येईल शट डाऊनची खिडकी. किंवा सरळ तेच तीन खटके पुन्हा दाबा. मशीन रीस्टार्ट होईल आणि सेव्ह न केलेलं काम जाईल. तशी सूचना त्या खिडकीत लिहिलेली असते, पण ती वाचायला वेळ कुणाला आहे?

मशीन पुन्हा सुरू होताना डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क हा प्रोग्राम विंडोज नीट बंद न केल्याबद्दल तुम्हालाच बोल लावेल. तपासणी अर्ध्यात सोडून बाहेर पडा, स्टार्टअपमधली मंडळी ताटकळली आहेत.