येऊ द्या, येऊ द्या, बास!

ज्या गृहस्थांनी परवा माझ्या संध्याकाळचं वाटोळं केलं, त्यांना जाताना मी "थँक्यू हं काका" म्हणालो, हे मला अजून पचलेलं नाही. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असंही नाही. एका अडलेल्या माणसाला हातभार लावल्याच्या समाधानात ते टेकडी उतरून गेले, आणि बहुधा घरी जाऊन त्यांनी ते सांगितलंही असेल.

मला हॅम रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या संचावरून हौसेने लांबलांबच्या लोकांशी बोलायचा, नाद आहे. रीतसर परीक्षा, परवाना, कॉलसाइन (म्हणजे हवेतलं नाव), सगळं आहे. नाही ती घरावर तारा ताणायला जागा. म्हणून संच गाडीत बसवला आणि अँटेना गाडीच्या मागे.

आता हा अँटेना म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय माझं दुःख कळायचं नाही. ४० मीटरच्या बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला, लहरीच्या पावपट उंचीचा दांडा लावायचा तर तो १० मीटरचा हवा. ८० मीटरच्या बँडला २०. एवढा दांडा घेऊन गाडी फाटकाबाहेरसुद्धा पडणार नाही. म्हणून दांडा अडीच-तीन मीटरवर थांबवतात आणि उरलेल्या लांबीची भरपाई कॉइल घालून करतात. पण बँड बदलला की कॉइलही कमीजास्त करावी लागते. पूर्वीचे लोक त्यासाठी गाडी थांबवून, उतरून, कॉइल बदलून परत आत बसत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन हॅमने (कॉलसाइन डब्ल्यू६एएक्यू) यावर तोडगा लोकप्रिय केला. चार्जिंगवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरची मोटर काढायची आणि ती अँटेनाच्या पोटात बसवायची. आपण सीटवर बसून बटण दाबायचं. मोटर फिरते, जाड नळीच्या तोंडातून कॉइल हळूहळू वर निघते, तोंडाशी बसवलेल्या लवचीक पट्ट्या तिला घासत राहतात. कॉइल जितकी बाहेर, तितका बँड खालचा. त्या मोटरवरून सगळे याला स्क्रूड्रायव्हर अँटेनाच म्हणतात.

कागदावर हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला मिनिटभर तरी लागतं, आणि तेवढा वेळ गाडीच्या मागून "गुर्रर्रर्र" असा आवाज येत राहतो. जगात कुठेही जा, एखाद्या उभ्या गाडीच्या मागून काहीतरी गुरगुरत वर निघालं की माणसं जमतात.

परवा मी मुद्दाम टेकडीवर गेलो होतो. दिवसा वातावरणातला डी-थर ४० मीटरचे सिग्नल गिळून टाकतो. सूर्य मावळायला आला की तो थर विरत जातो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरच्या पट्ट्यातून थोडा वेळ फार लांबचं ऐकू येतं. तो थोडा वेळच खरा. एका दूरच्या बेटावरचं स्टेशन अगदी स्वच्छ येत होतं. मी बटण दाबलं. गुर्रर्रर्र.

"काय अडकलंय का?"

ट्रॅकसूट, कानटोपी, हातात काठी. काठी टेकायला नव्हती, दाखवायला होती. ती त्यांनी अँटेनाकडे दाखवली.

"नाही काका, अडकलं नाही. ट्यून करतोय."

"अडकलं असेल तर सांगा. त्यात लाजायचं काय?"

"नाही हो, ते असंच वर जातं."

"मग जाऊ द्या की! थांबलात का?"

मी थांबलो होतो कारण ट्यूनिंग कानाने करायचं असतं. रिसीव्हरमधली खरखर ज्या ठिकाणी एकदम फुगते, तिथे अँटेना जुळला. ती जागा इंच-अर्ध्या इंचाच्या आत असते आणि ती ऐकायला शांतता लागते. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर काका गाडीच्या मागे जाऊन उभे होते आणि त्यांनी उजवा पंजा हवेत धरून बोटं हलवायला सुरुवात केली होती.

"येऊ द्या."

माझा अंगठा आपोआप बटणावर गेला.

"येऊ द्या... येऊ द्या... भरपूर जागा आहे, वर झाडबीड काही नाही... येऊ द्या... येऊ द्या..."

त्यांनी मान मागे टाकून आकाशाचा अंदाज घेतला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. डावी-उजवी कशासाठी, देव जाणे. अँटेनाला एकच दिशा आहे.

"हां, आता थोडं... थोडं... बास! बास बास बास!" आणि शेवटच्या 'बास'ला त्यांनी नळीवर खणखणीत थाप मारली, गाडी लागली की डिकीवर मारतात ती.

मी बटण सोडलं. त्या 'बास'वर न थांबणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आणि खरखर फुगली! बेटावरचा माणूस माझ्या मांडीवर बसून बोलावा इतका मोठा झाला. मी अॅनालायझर लावून पाहिला. हे अँटेना तपासायचं यंत्र मिलिवॅटमध्ये काम करतं, त्याने कुणाला काही होत नाही. एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणीचा आकडा (१ म्हणजे अचूक), आला १.२. म्हणजे संचाने पाठवलेलं जवळपास सगळं अँटेनाने मुकाट्याने घेतलं, परत तोंडावर काही फेकलं नाही. इतका सुंदर आकडा मला एकट्याला सहसा मिळत नाही.

"जमलं ना?" काका म्हणाले. त्यांचा हात अजून नळीवरच होता.

"जमलं! आता जरा लांब व्हा काका, मला बोलायचंय."

ते लांब झाले. आकडा ३ च्या पुढे गेला.

याला शास्त्रीय कारण आहे आणि ते अपमानास्पद आहे. माणसाचं शरीर अँटेनाच्या इतक्या जवळ आलं की त्याची कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची क्षमता, अँटेनाला जाऊन मिळते आणि सगळं जुळणं खालच्या फ्रीक्वेन्सीकडे सरकतं. एरवीही हा अँटेना इतका हळवा असतो की शेजारून ट्रक गेला तरी सुई हलते, डिकी उघडी राहिली तरी हलते. थोडक्यात, मी अँटेना जुळवला होता तो काकांसकट. ते माझ्या यंत्रणेचा एक भाग झाले होते आणि मी त्यांना बाहेर काढलं होतं.

परत बोलवावं तर तेही शक्य नाही. ट्यूनिंग मिलिवॅटवर होतं, बोलणं १०० वॅटवर. बोलताना दांड्याच्या टोकाशी हजारो व्होल्ट येतात, आणि हात लागला तर कातडी भाजते. म्हणजे काका असताना बोलता येत नाही, काका नसताना अँटेना जुळत नाही. मी कॉइल आणखी थोडी वर घ्यायला बटण दाबलं. गुर्रर्र.

"अहो, पुढे चाललात!" काका धावत परत आले. "बरोबर लावून दिलं होतं की मी!"

"काका, तुम्ही जवळ आलात की ते बदलतं."

"माझ्यामुळे?"

"तुमच्या शरीरामुळे."

ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "मला शुगर आहे. त्याने होत असेल?"

"नाही, नाही. कुणामुळेही होतं."

"मग किती लांब उभं राहू?"

"दहा पावलं."

ते दहा पावलं मोजत गेले. मोठ्याने मोजत गेले. दहाव्या पावलावर वळून काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही, म्हणून दहा पावलं परत येऊन सांगितलं: "इथून बरोबर दिसत नाही."

मधल्या काळात मला एक गोष्ट सारखी खटकत होती. "मोबाईल असताना हे कशाला?" हा प्रश्न मला प्रत्येक माणूस विचारतो, आणि त्यावर माझं उत्तर घोटून तयार आहे. टॉवर नको, कंपनी नको, मधे कुणी नको. आपला आवाज वातावरणाच्या वरच्या थराला, आयनोस्फिअरला, आपटून परत पृथ्वीवर येतो आणि समुद्रापलीकडचा अनोळखी माणूस तो उचलतो. कुठे थांबायचं, कुठे आकाशाकडे बघायचं, सगळं बसवलेलं आहे. काकांनी प्रश्न विचारलाच नाही. त्यांचा फोन वाजला. "हो गं," ते म्हणाले, "टेकडीवर. नाही, इथे अंधार पडतोय आता. तुमच्याकडे सकाळ ना?" मग फोन अँटेनाकडे धरून पलीकडच्या बाईला दाखवला. "हे बघ, वरखाली होतं. यांना जमत नव्हतं."

मी तेवढ्यात कसाबसा अँटेना जुळवून आणला होता. कॉलसाइन दोनदा दिली. आणि बेटावरच्या माणसाने ऐकली! अर्धवट ऐकली. "मोबाइल स्टेशन, पुन्हा सांगा," असं त्याने इतर सगळ्यांना थांबवून फक्त मला विचारलं. आमच्या छंदात असा क्षण विकत मिळत नाही. मी माइक उचलला, आणि काकांनी काच वाजवली.

"कुणीतरी बोलावतंय तुम्हाला."

"ऐकतोय मी! लांब व्हा आधी!"

"अहो, तो थांबलाय तुमच्यासाठी. बोला की!"

नळीपाशी माणूस असताना माइकचं बटण दाबायचं नाही, हा नियम मी मोडत नाही. काका बाजूला होईपर्यंत बेटावरच्या माणसाने आणखी एकदा विचारलं, मग दुसऱ्याला घेतलं, मग सगळ्यांना ७३ म्हणून बंद केलं. ७३ म्हणजे आमच्यात 'शुभेच्छा, येतो'. तारयंत्राच्या काळापासून चालत आलेला आकडा आहे, अजून प्रत्येक संभाषण त्यावर संपतं. माझं न सुरू होताच संपलं.

त्याच वेळी काका "चला, तुमचं काम झालं" म्हणाले आणि मी ते थँक्यू म्हणालो.

खरं म्हणजे सगळं काकांच्या माथी मारणंही बरोबर नाही. हा अँटेना मुळातच कृतघ्न आहे. याच्यासाठी मी गाडीचे दरवाजे, बोनेट, डिकी, सायलेन्सर, सगळं तांब्याच्या विणलेल्या पट्ट्यांनी चेसिसला बांधलं, कारण गाडीची बॉडी ही याची दुसरी बाजू. पट्ट्या नीट बसल्यावर जमिनीतला तोटा कमी झाला, आणि एसडब्ल्यूआर बिघडला! कारण तोटा कमी झाला की अँटेनाचा इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, संचाला हव्या असलेल्या ५० ओहमच्या बराच खाली उतरतो. मग तो वर आणायला बुडाशी आणखी एक छोटी कॉइल लावायची. म्हणजे काम वाईट केलं असतं तर आकडा आपोआप चांगला आला असता. हे कळल्यापासून, चुंबकावर अँटेना टेकवून "माझा बघा, कायम १.१" असं सांगत फिरणाऱ्या लोकांशी मी बोलणं कमी केलंय. त्यांचा अँटेना गाडीतली हवा तापवतो, एवढंच.

आणि इतकं करून ८० मीटरवर १०० वॅटमधले बाहेर किती पडतात? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे कॉइल आणि जमीन वाटून खातात. वर ऐकायची बोंब वेगळीच. खाली प्रत्येक घरात स्वस्तातला एलईडी, प्रत्येक प्लगला स्वस्तातला चार्जर, आणि त्यातला प्रत्येक जण ७ मेगाहर्ट्झवर सतत काहीतरी पुटपुटतोय. मी परवाना काढून, परीक्षा देऊन, ठरलेल्या पट्ट्यात राहून बोलतो. एक भिकार चार्जर कुणालाही न विचारता अख्ख्या बँडवर बोलतो, आणि त्याला कुणी हटकत नाही. टेकडी चढायची ती यांच्यापासून लांब जायला. तर तिथे काका.

अंधार पडल्यावर मी जवळच्या फ्रीक्वेन्सीवर उगाच एक हाक मारली. शेदोनशे किलोमीटरवरच्या एका ओळखीच्या हॅमने उत्तर दिलं. उंच टॉवरवाला, स्वभावाने फार प्रेमळ माणूस. सिग्नल चढत-उतरत होता.

"तुमचा आवाज पडलाय आज," ते म्हणाले. "फक्त तीन-तीन. जेमतेम कळतंय. काय झालं?"

"काही विचारू नका," मी म्हणालो. "मघाशी काका होते तोवर सगळं व्यवस्थित होतं. ते गेले आणि सगळं बिघडलं."

मधे सिग्नल बुडाला. वर आला तेव्हा त्यांचा सूर बदलला होता.

"अरेरे! कधी?"

"आत्ताच, अर्ध्या तासापूर्वी."

"आणि तुम्ही... गाडीतूनच बोलताय?"

"नाही हो, तसं नाही, काका म्हणजे..." खरखर.

"बोलू नका, बोलू नका. मी समजू शकतो. आजारी होते का?"

"शुगर होती, पण ऐका ना..." खरखर. कुणाचा तरी चार्जर.

"फ्रीक्वेन्सीवर आणखी कुणी असेल तर दोन मिनिटं शांत राहावं," ते गंभीर आवाजात म्हणाले, आणि शांतता झाली. इतकी स्वच्छ फ्रीक्वेन्सी मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी त्या दोन मिनिटांत खुलासा करणार होतो, पण कॉइल सरकवायला बटण दाबलं तर मोटर जागची हलेना. पट्ट्यांत माती गेली असावी. किंवा ती थाप.

"वय काय होतं हो त्यांचं?" त्यांनी हळूच विचारलं.

आता हे वाढवण्यात अर्थ नव्हता. उद्या फोन करून सांगू, असं ठरवून मी निरोप घेतला. "सेव्हन्टी थ्री," मी म्हणालो.

"हं," ते म्हणाले. "म्हणजे तसं वय झालंच होतं."