हेडरमध्ये नावं लिहून बोटं झिजवू नका

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं दिलेली मोकळीक वाया घालवू नका. हेडर फाइलीत फंक्शनची नुसती ओळख, म्हणजे डिक्लेरेशन असते; त्यात पॅरामीटरला, म्हणजे फंक्शनला द्यायच्या किमतीला, नाव हवंच अशी सक्ती नाही. नुसता टाइप लिहिला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही. तेव्हा चित्र कापायचं फंक्शन असेल तर कंसात ऐटीत पूर्णांकाचा टाइप चारदा लिहा: इंट, इंट, इंट, इंट. वर लायब्ररी कंपाइल करूनच द्या, सोर्स कोड अजिबात नको. वापरणाऱ्यानं ओळखावं की! डावी कड, वरची कड, रुंदी, उंची? की डावी, वरची, उजवी, खालची? की उंची आधी? चार इंट कुठल्याही क्रमानं द्या, कोड कंपाइल होतो, वॉर्निंग एक नाही. गंमत म्हणजे शून्य-शून्यपासून 100 बाय 100 चा तुकडा कापून पाहिला, तर यातला कुठलाही अर्थ धरा, उत्तर बरोबरच येतं. टेस्ट पास! मग खरं 640 बाय 480 चं चित्र येतं, रुंदी-उंचीची अदलाबदल होते, मेमरीतल्या 480 ओळींच्या जागेत (बफरमध्ये) 640 ओळी कोंबल्या जातात आणि प्रोग्रॅम कोसळतो कुठे? तिसऱ्याच फाइलीत, मेमरी परत करणाऱ्या एका निरपराध फ्रीच्या ओळीवर. बसा शोधत. मेमरीचा तुकडा एकाच किमतीनं भरणाऱ्या मेमसेटची शेवटची दोन आर्ग्युमेंट उलटी पडली तर सांगायला जीसीसी या कंपायलरमध्ये खास वॉर्निंग आहे; तुमच्या फंक्शनसाठी ती कोण लिहिणार, कंपायलरवाल्यांना तेवढाच धंदा आहे?

नाव द्यायचंच झालं तर ए, बी, सी.

वेळ मागताना नुसतं 'टाइमआउट' लिहा. सेकंद की मिलिसेकंद, हजारपटीचाच तर प्रश्न.

तीन बूल (खरं-खोटं सांगणारे टाइप) ओळीनं ठेवा. कॉल करताना 'ट्रू, फॉल्स, ट्रू' कसं छान दिसतं!

हेडरमध्ये आधी सोर्स (कुठून) मग डेस्टिनेशन (कुठे), डेफिनिशनमध्ये, म्हणजे फंक्शनच्या प्रत्यक्ष कोडमध्ये, बरोबर उलट. भाषेला चालतं. कोड तपासणारी क्लँग-टायडी कुरकुरली तर ती तपासणीच बंद करा.

कुणी हटकलंच तर म्हणा, "सिस्टिमच्या हेडरांत तरी कुठे धड नावं असतात?" असतात हो, असतात! नावांच्या आधी दोन अंडरस्कोअर असतात, कारण तुमच्यासारख्या कुणी 'एन' नावाचा मॅक्रो (शब्द दिसेल तिथे बदलून टाकणारी व्याख्या) आधीच करून ठेवला तर त्या डिक्लेरेशनचा विचका होऊ नये. ती काळजी आहे, आळस नव्हे. तुमचा निव्वळ आळस आहे. डेफिनिशनमध्ये नावं लिहिलीतच ना? सी23 ही भाषेची नवी आवृत्ती येईपर्यंत तिथे सुटकाच नव्हती. तीच ओळ उचलायची, हेडरमध्ये टाकायची, शेवटी अर्धविराम द्यायचा. एवढंही होत नसेल तर ते हेडर लोकांच्या गळ्यात मारता कशाला?